प्रवासास निघताना : नौकेवरील मोबाइल आणि घरचा हिशेब

काशीच्या पंचगंगा घाटावरून दुर्गाघाट ओलांडून थोडे उत्तरेकडे गेले म्हणजे ब्रह्माघाट लागतो. १७४० च्या सुमारास कायगावचे नारायण दीक्षित पाटणकर यांच्या प्रयत्नाने या बाजूचे घाट बांधून झाले आणि त्यांच्या आश्रयाने वाढलेली महाराष्ट्रीय वस्ती येथील अरुंद गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. या घरांचे एक वैशिष्ट्य असे की, त्यांचे निम्मे गणगोत नेहमी दूर असते. लेक पुण्यास दिलेली, धाकटा भाऊ नागपुरास नोकरीस, भाचा बंगळुरास. दीक्षितांच्या घराण्याने पुण्याच्या दरबाराशी ठेवलेला पत्रव्यवहार इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहेच. परंतु अशा दप्तरात ज्यांची नोंद झाली नाही अशा सामान्य घरांतूनही 'येथील सर्व क्षेम' हे शब्द दक्षिणेकडे किती वेळा गेले असतील, याची गणती कोण करणार?

आता काळ असा आला आहे की, घाटावरच्या घरातील माणसेच जलप्रवासास निघू लागली आहेत. १३ जानेवारी २०२३ रोजी 'गंगाविलास' ही नौका वाराणसीहून निघाली आणि ५१ दिवसांच्या, सुमारे ३,२०० किलोमीटरच्या प्रवासाच्या योजनेप्रमाणे पाटणा, साहिबगंज, कोलकाता, बांगलादेशातील ढाका व आसामातील गुवाहाटी यांवरून २८ फेब्रुवारीस दिब्रुगडास पोहोचली. तिच्यावर अवघ्या ३६ प्रवाशांची सोय होती आणि पहिल्या सफरीचे प्रवासी स्वित्झर्लंडचे होते. तेव्हा ही सफर मध्यम स्थितीतील गृहस्थासाठी होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईहून गोवे व लक्षद्वीपाकडे जाणाऱ्या सहल-नौका सुरू झाल्या, आणि निवृत्त झालेल्या आईवडिलांना लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवशी मुलांनी अशा नौकेचे तिकीट काढून देणे, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही.

या प्रवासाच्या सामानात जी वस्तू सर्वांत लहान, तीच परतल्यावर सर्वांत महाग पडण्याचा संभव असतो. ती वस्तू म्हणजे खिशातील मोबाइल. नौकेचे भाडे आधी कळते, जेवणाचा खर्च त्यातच धरलेला असतो, फिरण्याचा खर्च आपण हात राखून करतो. मात्र फोनचे बिल घरी आल्यानंतर हातात पडते आणि त्यातील आकडा पाहून सहलीची सारी गोडी नाहीशी होते. असे का होते आणि ते टाळावे कसे, याचा विचार घरातील मंडळींनी एकत्र बसून निघण्यापूर्वीच करावा, म्हणून हा प्रपंच.

यासाठी आधी थोडे मागे जावे लागेल. १ ऑक्टोबर १८५४ पासून हिंदुस्थानात टपालाचा एकच दर लागू झाला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा. मग ते पत्र काशीहून जवळच्या मिर्झापुरास जावो अथवा दूरच्या पुण्यास जावो. त्यापूर्वी अंतर वाढे तसा दर वाढत असे. १८७९ साली पाव आण्याचे कार्ड निघाले आणि गरिबाच्या घरीही खुशाली पोहोचू लागली. तिकीट न लावता टाकलेले पत्र 'बेरंग' म्हणून येई आणि ते घेणाऱ्यास दुप्पट पैसे मोजावे लागत. बेरंग पत्र आले की घरधनी आधी पाकिटावरचे अक्षर न्याहाळीत असे, ते प्रिय माणसाचे असले तरच पैसे देई, नाही तर पोस्टमनला ते परत नेण्यास सांगे.

मोबाइलचा इतिहासही याच वळणाने गेला. ३१ जुलै १९९५ रोजी आपल्या देशात मोबाइलवरून पहिले संभाषण झाले, तेव्हा येणाऱ्या फोनचेही पैसे पडत. ते २००३ साली बंद झाले. राज्याची सीमा ओलांडली की 'रोमिंग'चा वेगळा आकार लागे. तोही २०१७ पर्यंत बहुतेक कंपन्यांनी सोडून दिला. आज ब्रह्माघाटावरून पुण्याच्या लेकीशी तासभर बोलले तरी वेगळा खर्च नाही. थोडक्यात, १८५४ साली पत्रास जे लाभले ते फोनला दीडशेहून अधिक वर्षांनी लाभले. पण याच सुखाने आपल्या मनाला एक सवय जडली आहे. 'फोन आपला, नंबर आपला, पैसे भरलेले, मग तो कोठेही चालणारच', असे आपण गृहीत धरतो. नौकेवर ही समजूत आपल्याला अडचणीत आणते.

कारण असे की, मोबाइलचा आकार आपण कोठे आहोत यावर ठरत नाही. आपल्या हातातील यंत्र त्या क्षणी कोणाच्या मनोऱ्याशी बोलत आहे, यावर तो ठरतो. आणि मनोरा निवडण्याचे काम यंत्र स्वतःच करते. मालकाला विचारीत नाही. हे एक सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे पुढील सर्व गोष्टी आपोआप उलगडतात.

प्रथम नदीचा प्रवास घेऊ. वाराणसीपासून कोलकात्यापर्यंत गंगेच्या दोन्ही काठांवर आपल्याच देशातील कंपन्यांचे मनोरे आहेत. बक्सर, पाटणा, मुंगेर, साहिबगंज अशी गावे येतात, तेव्हा फोन घरच्यासारखाच चालतो. मधल्या विस्तीर्ण दियाऱ्यात, म्हणजे नदीने टाकलेल्या रेताड प्रदेशात, तो काही वेळ मुका होईल. पुढचे गाव आले की पुन्हा बोलू लागेल. यात खर्च काहीही नाही, फक्त धीर हवा. नदीवरील नौकेत पहिल्या दिवसापासून फोन बंद करून बसणारे प्रवासी विनाकारण स्वतःला व घरच्यांना ताटकळत ठेवतात.

सावध व्हावयाचे ते सुंदरबनात. भारत आणि बांगलादेश यांच्यामध्ये १९७२ सालापासून जलमार्गाने वाहतुकीचा करार आहे आणि 'गंगाविलास' त्याच मार्गाने पलीकडे गेली होती. तेथे सीमा पाण्यातून जाते. तिला कुंपण नाही आणि फोनच्या लहरींना तर ती मुळीच दिसत नाही. आपली नौका अजून भारताच्या हद्दीत असतानाच पलीकडच्या ग्रामीणफोन, रॉबी किंवा बांगलालिंक या कंपन्यांचा मनोरा अधिक जोरात ऐकू आला आणि आपल्या जोडणीवर परदेशी रोमिंग चालू असले, तर यंत्र तिकडे वळते. इच्छामतीच्या काठी टाकी नावाचे गाव आहे. तेथून पलीकडचा काठ बांगलादेशाचा. अशा ठिकाणी होडीत बसून तासभर फेरफटका मारणाऱ्यासही हीच दक्षता हवी.

हे घडले आहे हे ओळखण्याची एक सोपी खूण सांगतो. बांगलादेशाचे घड्याळ आपल्यापुढे अर्धा तास आहे. फोन परक्या मनोऱ्याला जोडला गेला की त्यातील वेळही बहुधा आपोआप बदलते. मनगटावरील घड्याळात चार वाजले असताना फोन साडेचार दाखवू लागला, तर समजावे की आपला फोन आपल्या आधी परदेशी पोहोचला! अशा वेळी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्कची स्वयंचलित निवड बंद करावी आणि आपल्या कंपनीचे नाव हाताने निवडून ठेवावे. मग संपर्क तुटला तरी चालेल. परक्याच्या दारी तो जाणार नाही. बांगलादेशात प्रत्यक्ष काही दिवस राहावयाचे असेल तर त्या देशासाठी आपल्या कंपनीची ठराविक दिवसांची व ठराविक रकमेची योजना आधीच घ्यावी. जमिनीवरील परदेशासाठी अशा योजना मिळतात आणि त्या वाजवी असतात.

समुद्राची गोष्ट मात्र सर्वस्वी निराळी आहे, आणि बिलाचे मोठे आकडे जन्माला येतात ते तेथेच.

किनाऱ्यावरील मनोऱ्याचा आवाका पाण्यावर काही किलोमीटरांपासून फार तर तीस-पस्तीस किलोमीटरांपर्यंत. मुंबईहून निघालेली नौका अलिबाग, मुरूड, रत्नागिरीच्या समोरून जाताना कधी किनाऱ्याचे मनोरे सापडतात, कधी नाही. त्यापुढे खोल पाण्यात फोन मुका झाला असता तर काही बिघडले नसते. पण अनेक मोठ्या सहल-नौकांवर नौकेचाच एक लहानसा मनोरा असतो. किनारा जवळ असेतो तो बंद ठेवावा लागतो. किनारा मागे पडला की तो चालू होतो. आपल्या फोनवरील सर्व रेघा एकाएकी भरलेल्या दिसतात आणि भोळ्या प्रवाशाला वाटते, वा, भर समुद्रात काय उत्तम संपर्क आहे!

हा मनोरा कोणत्याच देशाचा नसतो. प्रत्येक देशातील जाळ्यांना आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने एक सांकेतिक अंक दिलेला आहे; भारताचे अंक ४०४ व ४०५. ज्या जाळ्यांना देशच नाही, अशांसाठी ९०१ हा अंक राखून ठेवला आहे आणि समुद्रावरची जाळी बहुधा त्यातच मोडतात. फोनच्या पडद्यावर आपल्या कंपनीच्या नावाऐवजी 'सेल्युलर ॲट सी', 'टेलिनॉर मेरिटाईम' असे काही किंवा ९०१ ने सुरू होणारा आकडा उमटला, तर तो हाच मनोरा समजावा. 'अमुक देशांत चालेल' अशा सामान्य परदेशी योजनेत हा देश नसलेला देश सहसा धरलेला नसतो. सिंगापूरची योजना घेतली म्हणून सिंगापूरला जाणाऱ्या नौकेवर ती चालेल, असे नव्हे. ती सिंगापूरच्या धक्क्यावर उतरल्यानंतर चालेल. प्रवाशाची सर्वांत अधिक फसगत या एका मुद्द्यावर होते, आणि तीत लबाडी कोणाचीच नसते. योजनेच्या कागदावर सारे छापलेले असते, आपण वाचलेले नसते.

एवढा आकार का पडतो, हेही पाहण्याजोगे आहे. नौकेवरील मनोऱ्याला जमिनीशी जोडणारी तार नाही. तेथून निघालेला शब्द आकाशातील उपग्रहाकडे जातो आणि तेथून जमिनीवरील केंद्रात उतरतो. जुन्या पद्धतीचे स्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. म्हणून अशा संभाषणात 'कसे आहात?' विचारल्यावर उत्तर यावयास किंचित विलंब लागतो आणि दोन्हीकडची माणसे एकाच वेळी बोलू लागतात. अलीकडे सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या ताफ्यांनी ही अडचण पुष्कळ कमी केली आहे आणि २०२२ पासून मोठ्या सहल-कंपन्या आपल्या नौकांवर ती सोय बसवू लागल्या आहेत. आपल्याकडेही विमानात व नौकेवर संपर्क देण्यासंबंधीचे नियम २०१८ साली प्रसिद्ध झाले. तरी उपग्रहाचे भाडे, नौकेची यंत्रणा, समुद्रातील जाळ्याची कंपनी आणि आपली कंपनी, एवढ्यांचा वाटा एका मिनिटात बसावयाचा असतो. शिवाय येथे येणारा फोनही बेरंग पत्रासारखा असतो: उचलला की घेणाऱ्यास पैसे पडतात.

आणि न उचलता, न बोलता, फोनला हातही न लावता पैसे पडतात ते वेगळेच. ही गोष्ट वडील मंडळींना नीट समजावून सांगितली पाहिजे. आजचा फोन आपण झोपलो तरी काम करीत असतो. दिवसभर काढलेली छायाचित्रे तो दूरच्या साठवणीत पाठवू लागतो. नातेवाइकांच्या गटात आलेली सुप्रभाताची फुले, देवांच्या तसबिरी आणि कोणाच्या तरी मुंजीची चित्रफीत स्वतःहून उतरवून घेतो. निरनिराळी साधने आपापल्या नव्या आवृत्त्या मागवितात. घरी या कशालाच वेगळा खर्च पडत नाही. एक हिशेब करून पाहू. समजा, समुद्रातील दर एका एमबीला १०० रुपये आहे. हा आकडा केवळ उदाहरणासाठी घेतला आहे; खरा दर ज्याने त्याने आपल्या कंपनीकडून लेखी मिळवावा. एक छायाचित्र ४ एमबीचे धरले आणि दिवसाकाठी ५० छायाचित्रे काढली, तर ती आपोआप पाठविण्यात २०० एमबी जातील आणि २०,००० रुपयांचा आकार पडेल. सूर्यास्ताची एका मिनिटाची चित्रफीत ६० एमबीची असली तर तिचे ६,००० रुपये. सूर्यास्त खरोखरच सुंदर असतो. पण त्याला एवढे मोल देण्याचे कारण नाही.

उपाय काय? नौका धक्का सोडण्यापूर्वी फोन 'फ्लाइट मोड'मध्ये टाकावा. विमानासाठी केलेली ही कळ समुद्रावर अधिक उपयोगी पडते, हे कित्येकांच्या लक्षात येत नाही. ती दाबली की फोनचा बाहेरच्या सर्व मनोऱ्यांशी संबंध तुटतो आणि बिलाचा प्रश्नच उरत नाही. छायाचित्रे काढणे, आधी भरून घेतलेली गाणी ऐकणे, वाचणे, गजर लावणे हे सारे चालू राहते. ही कळ दाबलेली असतानाही वाय-फाय वेगळे चालू करता येते. नौकेवर ते विकत मिळते. दिवसाचा किंवा संपूर्ण सफरीचा ठराविक आकार भरून. निघण्यापूर्वी घेतल्यास पुष्कळदा ते स्वस्त पडते. तो बहुधा दर यंत्रामागे असतो, म्हणून चौघांच्या कुटुंबात चार परवाने घेण्याची गरज नाही. एकाच फोनवर घ्यावा आणि संध्याकाळी त्यावरून सर्वांनी घरी बोलावे. व्हॉट्सॲप त्यावर चालते, कारण त्याला मनोरा लागत नाही. मात्र वाय-फाय मिळाले म्हणून मोठ्या चित्रफिती पाठविण्याचा हव्यास नको. उपग्रहाची वाट अरुंद आणि तीवरून जाणारे प्रवासी शेकडो.

केवळ 'डेटा रोमिंग' बंद करून भागेल का, असे काही जण विचारतात. डेटाचा खर्च त्याने वाचेल, पण नौकेच्या मनोऱ्याशी फोन जोडलेला राहील आणि आलेला फोन चुकून उचलला गेला तर आकार पडेल. वृद्धांच्या हाती असलेल्या फोनचा तर भरवसाच धरू नये. घंटी वाजली की बोट हिरव्या खुणेकडे जाते, ही आयुष्याची सवय आहे. तेव्हा त्यांच्या फोनला 'फ्लाइट मोड'च बरा. त्याखेरीज परदेशी रोमिंगची सोय आपल्या जोडणीवर चालू आहे की बंद, हे कंपनीला विचारून घ्यावे आणि गरज नसल्यास ती बंदच करवावी. महिनाअखेर बिल येणाऱ्या जोडणीस पतमर्यादा घालून घ्यावी. आगाऊ पैसे भरण्याची जोडणी असेल तर शिल्लक संपली की फोन आपणच थांबतो. काटकसरी गृहस्थाला हा एक नैसर्गिक बंधारा आहे.

लक्षद्वीपाविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण तेथे पुष्कळांचा गोंधळ होतो. द्वीपे भारताची आहेत, म्हणून तेथे उतरल्यावर रोमिंग नाही. जानेवारी २०२४ मध्ये कोचीपासून समुद्रतळातून टाकलेली सुमारे १,८६८ किलोमीटरची तार सुरू झाली आणि तोवर उपग्रहावर अवलंबून असलेली ही बेटे मुख्य भूमीशी जोडली गेली. म्हणजे कवरत्तीच्या किनाऱ्यावर उभे राहून काशीस फोन केला तर तो घरचाच दर. पण कवरत्ती सोडून नौका पुन्हा खोल पाण्यात शिरली की तोच फोन नौकेच्या मनोऱ्यावर परदेशी दराने चालेल. देश तोच, समुद्र तोच, यंत्र तेच. मनोरा मात्र दुसरा. म्हणून बेटावर उतरताना फोन मोकळा करावा, मनसोक्त बोलावे, आणि परत नौकेकडे जाणाऱ्या होडीत पाय ठेवण्यापूर्वी कळ पुन्हा दाबावी.

आता पैशाहून नाजूक अशा गोष्टीकडे वळतो. बँकेचा परवलीचा आकडा, म्हणजे ओटीपी, लघुसंदेशाने येतो आणि 'फ्लाइट मोड'मध्ये लघुसंदेश येत नाही. म्हणून विजेचे बिल, विम्याचा हप्ता, दवाखान्याचे पैसे जे काही त्या आठवड्यात द्यावयाचे असेल ते निघण्यापूर्वी देऊन मोकळे व्हावे. काही ठिकाणी असा तोडगा काढतात की, वडिलांचे सिमकार्ड घरी ठेवावयाचे आणि मुलाने आलेला आकडा त्यांना कळवावयाचा. हा तोडगा आम्हास मुळीच पसंत नाही. ओटीपी दुसऱ्यास सांगण्याची सवय एकदा लागली की ती घरच्या माणसापाशी थांबत नाही.

आणि घरी जे मागे राहतात त्यांचे काय? आम्हास वाटते, खरा प्रश्न हाच आहे. पूर्वी काशीयात्रेस निघालेला मनुष्य महिनोन्‌महिने परतत नसे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतले. त्या अवधीत घरच्यांनी काय काढले असेल ते त्यांचे तेच जाणोत. तरीही त्या काळी एक गोष्ट स्पष्ट होती: पत्र येणार नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक असे. आज उलट झाले आहे. सकाळी पाठविलेल्या निरोपावर दुपारपर्यंत खूण उमटली नाही की घरातील आजी देवापाशी दिवा लावून बसते, सून दर दहा मिनिटांनी फोन लावते, आणि नौकेवर आजोबा निश्चिंतपणे खुर्चीत डोळे मिटून पडलेले असतात. चूक कोणाचीच नाही. एवढेच की, मुक्याने राहण्याचा काळ आधी ठरवून घेतलेला नाही.

तो ठरवावा. एका कागदावर नौकेचे नाव, तिच्या कंपनीच्या कार्यालयाचा क्रमांक, खोलीचा क्रमांक आणि कोणत्या दिवशी कोणत्या बंदरास नौका लागणार, हे लिहून घरी दर्शनी जागी लावावे. 'मंगळवारी सकाळी दहापर्यंत बेटावरून फोन येईल. तो न आल्यास संध्याकाळी वाय-फायवरून. त्याआधी काळजी करू नये,' असा स्पष्ट करार असावा. ब्रह्माघाटावरील एखाद्या घरात ऐंशी वर्षांची आई एकटी शेजाऱ्यांच्या आधाराने राहिली असेल, तर तो कागद शेजारच्या घरीही द्यावा; आईला वाचता आले नाही तरी शेजारी वाचून सांगतील.

या कराराचा आणखी एक लाभ आहे. प्रवासी संपर्कात नाहीत हे हेरून, 'तुमचे वडील नौकेवर पडले, ताबडतोब पैसे पाठवा,' असा खोटा फोन करणारे भामटे असतात. घरी कागद लावलेला असला तर घाबरून पैसे धाडण्याऐवजी नौकेच्या कार्यालयास आधी फोन जातो. शिवाय घरातल्या घरात एक खुणेचा प्रश्न ठरवून ठेवावा. ज्याचे उत्तर फक्त घरच्यांनाच ठाऊक, असा. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. जितके लवकर कळवावे तितके पैसे अडविले जाण्याचा संभव अधिक.

इतके सांगितल्यावर कोणी म्हणेल, मग फोन घरीच ठेवून जावे. तसे आम्ही सुचविणार नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वाटेतच उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबई इतकी जवळ असून जे पोहून किनाऱ्यास लागले त्यांच्या तोंडूनच ती वार्ता शहरास कळली. कोकणातील घरांतून ती आठवण अद्याप पुसलेली नाही. बंद करून ठेवलेला का होईना, भारलेला फोन प्रत्येक प्रवाशाजवळ असावा. संकटप्रसंगी अर्थातच प्रथम नौकेच्या कर्मचाऱ्यांस सांगावे, कारण त्यांचा संपर्क आपल्या फोनवर अवलंबून नसतो. आणि किनाऱ्यालगत लहान होडीत असताना ११२ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक उपयोगी पडतो. तेव्हा कोणतीही कळ मोकळी करावयास मागेपुढे पाहू नये. बिलाचे पुढे पाहता येईल.

एवढी काळजी घेऊनही परतल्यावर मोठे बिल आले तर ते निमूटपणे भरू नये, आणि रागाने टाकूनही देऊ नये. नौकेच्या तारखा व वेळा, वाय-फायची पावती आणि बिलातील नोंदी शेजारी ठेवून ताडून पाहाव्यात. प्रत्येक नोंदीस कोणत्या जाळ्यावर व किती वाजता, हे लिहिलेले असते. नौका धक्क्यास लागलेली असताना समुद्रातील जाळ्याची नोंद दिसली, तर प्रश्न विचारण्यास जागा आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीस तक्रार केंद्र व त्यावर अपील प्राधिकारी ठेवावा लागतो. तक्रार नोंदविताच मिळणारा क्रमांक जपून ठेवावा, कारण पुढील अपील त्यावरच चालते. तेथेही समाधान न झाल्यास ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. दूरध्वनीच्या तक्रारी तेथे चालतील की नाही हा जुना वाद सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ग्राहकाच्या बाजूने मिटविला आहे. पावत्या मात्र हव्यात. आणि नौकेच्या खोलीतील टोपलीत आपण पहिल्यांदा टाकतो त्या पावत्याच.